बर्गेनचा पाऊस कोण झेलतं?

२९ ऑक्टोबर २००६ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेन शहरात पाऊस पडला. दुसऱ्या दिवशीही पडला, तिसऱ्या दिवशीही. नोव्हेंबर सरला, नाताळ आला, नवे वर्ष लागले, तरी कोरडा म्हणावा असा एकही दिवस उजाडला नाही. २१ जानेवारी २००७ पर्यंत, सलग ८५ दिवस, हे असेच चालले. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवसही जेमतेम सहा तासांचा असतो. म्हणजे उजेड नाही, ऊन नाही आणि वर ही संततधार. तरीही शहराचे व्यवहार चालू राहिले. मुले शाळेत गेली, मासळीबाजार भरला, माणसे डोंगरावर फिरायला गेली.

हे कसे जमते असे कुणा नॉर्वेजियन माणसाला विचारले की एक म्हण हमखास ऐकायला मिळते. वाईट हवामान असे काही नसतेच, असतात ते फक्त वाईट कपडे. मूळ भाषेत ती यमकात आहे, त्यामुळे लहान मुलांच्याही तोंडी सहज बसते. पर्यटकांना तर ती फारच आवडते. हवामानाशी जुळवून घेण्याचे सगळे रहस्य एका चांगल्या रेनकोटात आहे, असा दिलासा त्यांना तीतून मिळतो.

म्हण खोटी नाही, पण तिने श्रेय चुकीच्या ठिकाणी दिले आहे. बर्गेनमधला माणूस भर पावसात निर्धास्त बाहेर पडतो, त्याआधी त्याच्यासाठी पुष्कळ काही होऊन गेलेले असते. पाऊस किती वाजता वाढणार हे कुणीतरी सांगितलेले असते. घराच्या भिंतीत पाणी शिरले तरी ते बाहेर निघून जाईल, अशी रचना सुताराने केलेली असते. मुलाचे ओले कपडे बालवाडीत वाळणार असतात. पायाखालच्या वाटेवर दगड बसवलेले असतात. रेनकोट ही या साखळीतली शेवटची कडी, आणि दिसते तेवढी तीच. हवामानासोबत राहणे हा स्वभावाचा किंवा कणखरपणाचा प्रश्न आहे असे मानणारे लोक ही साखळी पाहत नाहीत. बर्गेनचा इतिहास नीट पाहिला तर तिथला पाऊस माणसाने एकट्याने कधीच झेललेला नाही, असे दिसते. जिथे तो एकट्यावर सोडला गेला तिथे शहर फसले.

बर्गेनवर एवढा पाऊस पडण्याचे कारण भूगोलात आहे. शहर ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, अलास्कातल्या अँकरेजच्या जवळपास तेवढेच उत्तरेला. पण अटलांटिकमधून वर सरकणाऱ्या उबदार पाण्यामुळे इथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या थोडे वरच राहते. त्या समुद्रावरून ओलसर वारे नैऋत्येकडून येतात आणि शहराला वेढणाऱ्या डोंगरांवर आदळून वर चढतात. वर चढलेली हवा थंड होते आणि पाणी सोडते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर जे घडते, तेच इथे बारमाही घडते. १९६१ ते १९९० या काळात वर्षाची सरासरी २२५० मिलिमीटर होती, १९९१ ते २०२० मध्ये ती २५०० च्या घरात गेली. मुंबईचा वर्षाचा पाऊसही साधारण याच्या आसपासचा. पण मुंबईत तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो आणि बर्गेनमध्ये तो वर्षातल्या २०० हून अधिक दिवसांवर पसरलेला असतो. मराठी माणसाला पावसाळा असतो, म्हणजे तो संपणारही असतो. त्याची वाट पाहता येते आणि त्याला निरोपही देता येतो. बर्गेनमध्ये अशी सीमारेषाच नाही. तिथे पाऊस थांबायची वाट पाहत बसणारा माणूस आयुष्याचा मोठा भाग खिडकीत काढील.

म्हणून कपड्यांचे शास्त्र तिथे खरोखर विकसित झाले आहे, आणि त्याला कमी लेखायचे कारण नाही. अंगालगत लोकर, कारण लोकर भिजली तरी ऊब धरते. वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. पायात रबरी बूट. छत्रीचा उपयोग मर्यादित. समुद्रावरून येणारा वारा पाऊस आडवा मारतो आणि छत्री उलटी करतो. पण तीन थरांचे हे कपडे स्वस्त नसतात, आणि मूल दर वर्षी वाढते. नॉर्वेतही दर दहांत सुमारे एक मूल दीर्घकाळ कमी उत्पन्नात काढणाऱ्या घरात वाढते. ‘वाईट कपडे’ असलेले लोक कोण, हा प्रश्न ती म्हण कधी विचारत नाही. तो विचारला की चर्चा कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडून बालवाडीत येते.

नॉर्वेतल्या बालवाडीत मुले रोज बाहेर खेळतात, पाऊस असला तरीही. तान्ही बाळे दुपारची झोप बाबागाडीत, बाहेर, उबदार पांघरुणात घेतात. हे चित्र परदेशी वर्तमानपत्रांना फार भावते आणि ते नॉर्डिक संस्कृतीचे लक्षण म्हणून छापले जाते. पण याच बालवाडीच्या प्रवेशाच्या खोलीत गरम हवेवर कपडे वाळवणारे एक उंच कपाट असते, त्याचा फोटो कुणी छापत नाही. सकाळी चिखलात लोळलेला पोशाख त्या कपाटात टांगला जातो आणि मूल पुन्हा बाहेर जाईपर्यंत वाळतो. कपाट नसेल, तर मुलाने दिवसातून दोनदा बाहेर खेळायचे म्हणजे पालकांनी कपड्यांचे दोन-तीन जोड पाठवायचे. ज्यांना ते परवडत नाही त्यांची मुले आत बसतील. वर्षाच्या वरच्या मुलांना बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क नॉर्वेने २००९ मध्ये दिला, आणि पालकांकडून जास्तीत जास्त किती पैसे घ्यायचे याची मर्यादा त्याआधीच, २००४ मध्ये, घातली होती. खेळाचे आणि डोंगरात फिरायचे सामान मुलांना फुकट वापरायला देणारी केंद्रेही देशभर आहेत. पावसात खेळण्याची ही सवय अशी पोसली गेली आहे. तिला नुसते राष्ट्रीय स्वभाव म्हटले की तो स्वभाव घडवायला लागलेले पैसे आणि कायदे दृष्टीआड होतात.

हवामानाचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा, हा विचार बर्गेनमध्ये नवा नाही. बंदराच्या काठावर ब्रिगेन नावाची लाकडी घरांची रांग आहे. इथे चौदाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन हान्सा व्यापारी संघाची पेढी होती. लोफोटेन बेटांवर थंड कोरड्या वाऱ्यात सुकवलेला कॉड मासा बोटींनी इथे यायचा आणि इथून युरोपभर जायचा. बर्गेनच्या दमट हवेत तो मासा सुकवता येत नाही, पण बंदर सोयीचे, म्हणून त्याचा व्यापार मात्र इथे. या पेढ्यांमध्ये तरुण उमेदवार आणि नोकर दाटीवाटीने राहत आणि त्या लाकडी घरांत आग पेटवायला सक्त मनाई होती. दिवाही नाही. पश्चिम नॉर्वेचा हिवाळा, ओले कपडे, अंधार, आणि चूल नाही. मग माणसे जगली कशी? घरांच्या मागच्या बाजूला, लाकडी रांगेपासून अलग, काही दालने बांधलेली होती. विस्तव तिथेच आणि तिथेच शेगडी. हिवाळ्यात सगळे तिथे जमत, जेवत, शिकत, अंग शेकत. ऊब ही सामाईक मालमत्ता होती आणि तिचे नियम होते. त्यातली काही दालने आजही पाहायला मिळतात.

एवढा पाऊस पडणाऱ्या शहराला खरी भीती आगीची होती, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. पण लाकूड वरून भिजलेले असले तरी आतून कोरडे असते, आणि तिथल्या वाऱ्याला ठिणगी पुरते. १७०२ च्या आगीत ब्रिगेन जळाले आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभे राहिले. जानेवारी १९१६ मध्ये वादळी वाऱ्यात शहराच्या मध्यभागातल्या शेकडो इमारती खाक झाल्या. बर्गेनच्या मध्यात डोंगराकडून पाण्याकडे जाणारे जे ऐसपैस मोकळे पट्टे दिसतात, ते आग पसरू नये म्हणून राखलेले आहेत. पाऊस शहराला आगीपासून वाचवील असे गृहीत धरण्याची चैन बर्गेनला परवडली नाही. जमिनीचा तुकडा मोकळा ठेवावा लागला आणि त्यावर बांधकाम होऊ द्यायचे नाही असा निर्णय पिढ्यानपिढ्या पाळावा लागला.

घरांचेही तसेच. पश्चिम नॉर्वेतल्या लाकडी घराची बाहेरची फळी पाणी शंभर टक्के अडवील, अशी अपेक्षाच कुणी धरत नाही. फळ्यांच्या मागे एक पोकळी सोडतात. वाऱ्याने आत रेटलेले पाणी त्या पोकळीतून खाली वाहून जाते आणि उरलेली ओल हवेने सुकते. वारा अडवणारा खरा थर त्याच्याही मागे असतो. आडव्या पावसाशी झगडण्यापेक्षा त्याला जायला वाट देण्यात शहाणपण आहे, हे तिथल्या सुतारांनी फार पूर्वी ओळखले. सिंटेफ या संशोधन संस्थेने तपासलेल्या इमारतींच्या दोषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दोष ओलाव्याशी निगडित होते. म्हणजे ज्ञान असूनही चुका होतात, घाई होते, पोकळी बुजते. घरमालकाला हे दिसत नाही. भिंतीच्या आत काय केले आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तिथे त्याचे रक्षण करतात ते बांधकामाचे नियम आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा.

पण बर्गेनने पावसाबाबत केलेले सर्वांत मोठे काम एका घराच्या माळ्यावर झाले, आणि त्याचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

१९१७ मध्ये विल्हेल्म बियर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ लायप्झिगहून बर्गेनला आले. तिथल्या संग्रहालयाच्या छत्राखाली भूभौतिकी संस्था सुरू होत होती. हवा हा वायू आहे आणि तो भौतिकशास्त्राचे नियम पाळतो, तेव्हा आजची नेमकी स्थिती कळली तर उद्याची गणिताने काढता आली पाहिजे, असे त्यांनी १९०४ मध्येच मांडले होते. अडचण होती ती ‘आजची नेमकी स्थिती’ कळण्याची. आणि नेमके तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. हवामान हे युद्धाचे गुपित झाले होते. ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडल्या होत्या, म्हणजे पश्चिमेकडून काय येते आहे हे सांगणारे डोळेच मिटले होते. देशात धान्याची टंचाई होती. पीक कापायचे कधी आणि वाळवायचे कधी, हे कळणे शेतकऱ्याला जीवनमरणाचे होते.

बियर्कनेस यांनी सरकारला पटवले की बाहेरून बातमी मिळत नसेल, तर आपल्याच किनाऱ्यावर निरीक्षणाची ठिकाणे दाट करू. १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेत अशी ठिकाणे कित्येक पटींनी वाढली. दीपगृहांचे राखणदार, मच्छीमार, किनाऱ्यावर परक्या पाणबुड्यांवर नजर ठेवणारी माणसे, यांना वारा, ढग, दाब कसा पाहायचा आणि कसा कळवायचा हे शिकवले गेले. या लोकांपैकी बहुतेकांनी विज्ञानाचे शिक्षण घेतलेले नव्हते, पण आकाशाकडे पाहत जगण्याची सवय पिढीजात होती. त्यांच्या तारा बर्गेनला यायच्या आणि बियर्कनेस यांच्या घराच्या माळ्यावर त्यांचा मुलगा याकोब, हल्व्होर सोल्बेर्ग आणि इतर तरुण त्या नकाशावर मांडायचे.

नकाशा दाट झाल्यावर पूर्वी कुणालाच न दिसलेली गोष्ट दिसू लागली. वादळी प्रदेशातली हवा एकसारखी नसते. उत्तरेकडची थंड आणि दक्षिणेकडची उबदार हवा स्पष्ट सीमारेषांवर भिडतात, उबदार हवा थंड हवेच्या पाठीवर चढते, आणि पावसाचे पट्टे या रेषांवरच असतात. याकोब बियर्कनेस यांनी हे १९१९ मध्ये एका छोट्या निबंधात मांडले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. आज जगभरच्या हवामानाच्या नकाशांवर ज्या दातेरी रेषा दिसतात, त्यांचा उगम त्या माळ्यावरचा. युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एकात हे घडले याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही: वादळांची रांग तिथूनच जाते, ती रोज पाहता येत होती. मात्र पाऊस बर्गेनवर हजारो वर्षे पडतच होता. त्याचे ज्ञानात रूपांतर झाले ते शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसांनी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने आकाशाकडे पाहून ते एका ठिकाणी कळवले तेव्हा. एकट्या बियर्कनेस यांना, कितीही प्रतिभा असती तरी, बर्गेनच्या खिडकीतून ती रेषा दिसली नसती.

याकोब पुढे अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात राहिले. १९६९ मध्ये त्यांनी प्रशांत महासागरावरच्या हवेच्या पूर्व-पश्चिम अभिसरणाचे स्पष्टीकरण दिले, एल निन्योशी त्याचा संबंध जोडला आणि त्या अभिसरणाला गिल्बर्ट वॉकर यांचे नाव दिले. हे वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. दुष्काळांनी होरपळलेल्या देशात मान्सूनचा अंदाज आधी देता येईल का, या एका प्रश्नापोटी त्यांनी जगभरच्या दाबांचे आणि तापमानांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले होते. त्यांना नाते सापडले, कारण सापडले नव्हते. ते कारण बर्गेनच्या माळ्यावर नकाशे काढत मोठ्या झालेल्या माणसाने पुरवले. वॉकर सिमल्याहून काम करत. १९२८ मध्ये ते कार्यालय पुण्याला हलले, आणि शिवाजीनगरचा तो चौक पुणेकर आजही सिमला ऑफिस चौक म्हणूनच ओळखतात. मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम पुण्यातच होते, आणि एल निन्योचे वर्ष आहे की नाही हा त्यातला पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. मराठवाड्यातला शेतकरी एप्रिलमध्ये ज्या बातमीकडे कान लावून बसतो, तिच्यामागे नॉर्वेच्या दीपगृहांवरून गेलेल्या तारांचाही वाटा आहे.

नॉर्वेने ही परंपरा सोडलेली नाही. तिथली हवामान संस्था आणि सार्वजनिक प्रसारण संस्था यांनी मिळून २००७ मध्ये सुरू केलेली हवामानाची सेवा सगळ्या जगासाठी फुकट आहे, तिची आकडेवारीही खुली आहे. बर्गेनमधला माणूस बाहेर पडण्याआधी तिच्यावर नजर टाकतो आणि दोन सरींमधली फट हेरतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मनाची तयारी काहीच नाही का? कारी लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये लोकांच्या हिवाळ्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की जितके उत्तरेला जावे तितके लोक हिवाळ्याकडे अधिक आपुलकीने पाहतात आणि ही दृष्टी समाधानाशी जोडलेली आहे. यात तथ्य आहे. बर्गेनमध्येही १७ मेच्या राष्ट्रीय दिनी पाऊस आला म्हणून मिरवणूक रद्द होत नाही. लोकरी पारंपरिक पोशाख, ढोल वाजवत जाणारी मुलांची पथके आणि वरून सर. सात डोंगर एका दिवसात पालथे घालण्याची सुमारे ३५ किलोमीटरची चाल हा तिथला मोठा वार्षिक सोहळा आहे. पण त्या डोंगरांकडे पुन्हा पाहायला हवे. कुणाच्याही मालकीच्या पडीक रानातून, डोंगरातून चालण्याचा हक्क तिथे सगळ्यांना आहे आणि १९५७ च्या कायद्याने तो लेखी स्वरूपात आला. उल्रिकेन डोंगराची चढण पाऊस आणि हजारो पावलांनी उखडून चिखल झाली, तेव्हा नेपाळहून आलेल्या शेर्पांनी तिथे दगडी पायऱ्या रचल्या. चालणाऱ्याचा उत्साह खरा आहे. पायऱ्याही खऱ्या आहेत, आणि उत्साह टिकतो तो त्यांच्यावर.

दुसरा आक्षेप पैशाचा: नॉर्वेला तेल सापडले, त्याला काय अशक्य? बालवाड्यांच्या बाबतीत हे मान्य करावे लागेल. पण उत्तर समुद्रातले पहिले मोठे तेलक्षेत्र सापडले ते १९६९ मध्ये. हवामानाची ठिकाणे उभी राहिली ती युद्धातल्या टंचाईत, रानात चालण्याचा कायदा झाला तो तेलाआधी बारा वर्षे, आणि ब्रिगेनची शेकोटी तर मध्ययुगातली. श्रीमंतीने या व्यवस्था वाढल्या, पण त्यांचा विचार गरिबीतलाच आहे.

आणि श्रीमंत बर्गेन चुकलेही. २००४ च्या शरद ऋतूत शहरात पोटाच्या विकाराची साथ पसरली. पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या एका जलाशयात जिआर्डिया हा परजीवी शिरला होता. त्या पाण्यात क्लोरीन घातले जायचे, पण हा परजीवी क्लोरीनला पुरून उरतो आणि त्याला मारणारी दुसरी योजना तिथे नव्हती. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्णच सुमारे १३०० होते, आजारी पडलेले त्याहून कितीतरी अधिक, आणि अनेकांना पुढे वर्षानुवर्षे थकवा आणि पोटाचा त्रास राहिला. आकाशातून एवढे पाणी येणाऱ्या शहराने आपले पाणी स्वच्छच असणार असे धरले होते. साथीनंतर अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आली.

पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २००५ रोजी, बर्गेनमध्ये चोवीस तासांत १५६.५ मिलिमीटर पाऊस झाला. हाटलेस्टाड या वस्तीवर डोंगरउताराची माती आली, घरे दबली आणि तीन जणांचा जीव गेला. दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी दरड कोसळून आणखी एक मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मुंबईकराला १५६ हा आकडा जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवसाचा वाटेल. पण पावसाचा धोका नुसत्या मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. उतार, माती, गटारे आणि घरांच्या जागा किती पावसाचा हिशेब धरून ठरवल्या होत्या, हे त्याशेजारी मांडावे लागते. बर्गेन संथ पावसाला शतकानुशतके सरावले आहे, आणि या सरावातच धोका आहे. ‘आम्हाला पाऊस नवा नाही’ असे म्हणणारे शहर नव्या तऱ्हेचा पाऊस उशिरा ओळखते. १९०० पासून नॉर्वेतला पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आहे, आणि जोरदार सरींचे प्रमाणही वाढते आहे.

कधी तर पाऊस नसणेच घातक ठरते. जानेवारी २०१० मध्ये बर्गेनवर निरभ्र, थंड, वारा पडलेले दिवस आले. अशा वेळी डोंगरांच्या वाटीत खाली थंड हवा साठते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि मोटारींचा धूर आत कोंडतो. नायट्रोजन डायऑक्साइडने मर्यादा ओलांडल्या आणि शहराला सम-विषम क्रमांकांनुसार गाड्या चालवायला लावाव्या लागल्या. ज्यांना दमा आहे त्यांच्यासाठी ते सुंदर निळे दिवस वर्षातले सर्वांत वाईट होते. कुठलाही रेनकोट, कुठलीही मनोवृत्ती त्यांच्या उपयोगाची नव्हती. उपयोग झाला तो गाड्या थांबवणाऱ्या नियमाचा.

ब्रिगेनची अलीकडची कथा तर या साऱ्याचे सारच म्हणावी अशी आहे. १९५५ मध्ये तिथला एक भाग पुन्हा जळाला. त्या जागी झालेल्या उत्खननात जमिनीतून रुन लिपीत कोरलेल्या सहाशेहून अधिक वस्तू निघाल्या, बहुतेक लाकडाच्या कांड्या: व्यापाराच्या नोंदी, निरोप, मालावरची नावे. हे लाकूड टिकले, कारण जमीन सदैव चिंब होती आणि त्या ओलीत प्राणवायू पोहोचत नव्हता. १९७९ मध्ये ब्रिगेन युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याच सुमारास शेजारी एक आधुनिक हॉटेल उभे राहिले. त्याच्या तळघरासाठी भूजलाचा निचरा केला गेला, आणि भूजलाची पातळी खाली गेली. हवा आत शिरली, लाकूड आणि शतकांचा सेंद्रिय थर कुजू लागला, आणि जुनी घरे काही ठिकाणी वर्षाला सहा ते आठ मिलिमीटर खचू लागली. पावसाच्या शहरातले सर्वांत जुने लाकूड पाण्यावाचून मरत होते.

यावर उपाय झाला तो पावसाचाच. गटारांतून थेट बंदरात जाणारे छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पाणी वळवून जमिनीत मुरवले गेले. त्यासाठी उथळ हिरव्या चऱ्या, पाणी झिरपणारी फरसबंदी आणि पावसाच्या बागा केल्या. गळती असलेली निचऱ्याची रचना दुरुस्त झाली. भूजल वर आले आणि खचणे मंदावले. यासाठी भूजलतज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ, महापालिका आणि इमारतींचे मालक यांना एका टेबलाशी बसावे लागले, कारण एकाच्या तळघराचा कोरडेपणा दुसऱ्याच्या पायाचा नाश ठरत होता.

अशी नाती उलगडायला लागली की खर्चाचा प्रश्न येतो, आणि तिथे नॉर्वेने घेतलेला एक निर्णय फारसा कुणाला माहीत नसला तरी मोलाचा आहे. तिथे घराचा आगीचा विमा घेतला की त्यात दरड, पूर, वादळ, समुद्राचे उधाण यांसारख्या नैसर्गिक आपत्तींचे संरक्षण आपोआप येते. त्यासाठी सगळ्या विमा कंपन्यांचा एक सामाईक निधी १९८० पासून आहे, आणि विम्याच्या रकमेवर आकारला जाणारा दर देशभर एकच आहे. ओस्लोच्या सपाट भागातल्या सदनिकेचा मालक आणि बर्गेनच्या उतारावरच्या घराचा मालक एकाच दराने भरतात. हप्ता धोक्यानुसार ठरवावा, म्हणजे लोक धोक्याच्या जागी घरे बांधणार नाहीत, असा विचार अधूनमधून मांडला जातो, आणि पाऊस वाढेल तसा तो जोर धरेल. नव्या बांधकामापुरता त्यात अर्थ आहे. उतारावर नवे घर बांधू देताना महापालिकेने कठोर असलेच पाहिजे. पण जी घरे आधीच, परवानगी घेऊन, उभी आहेत त्यांच्यावर हा हिशेब लादणे अन्यायाचे ठरेल. हाटलेस्टाडच्या घरांवर आलेली माती वरच्या उताराची होती. त्या उतारावर पाणी कुठून वाहते, कुठे मुरते, कोणत्या रस्त्याने त्याची वाट बदलली आणि कोणता ओढा पाइपात कोंडला आहे, हे तपासणे खालच्या एका घरमालकाच्या हातात नाही. ते काम शहराचे आहे, आणि दरड आलीच तर तिचे बिलही सगळ्यांनी मिळून भरायचे आहे.